गवताचं माहेरपण

आमच्या मैदानाच्या हेडमाळ्याला सगळे गवतमामा म्हणतात. फुटबॉलचं वर्ष कसं चालतं ते मला त्यानेच समजावलं. तो म्हणाला, "ताई, खेळाडूला दोन घरं असतात. क्लब हे सासर, देश हे माहेर. वर्षभर सासरी राबायचं, मधेच आठ-दहा दिवस माहेरी जायचं आणि परत येताना गुडघा दुखावून यायचं. मग सासरचे म्हणणार, माहेरच्यांनी नीट बघितलं नाही. माहेरचे म्हणणार, तुम्ही आधीच अर्धमेला करून पाठवला होतात."

या माहेरपणाच्या दिवसांना साहेबलोक 'विंडो' म्हणतात. वर्षातून पाच वेळा ही विंडो उघडते, क्लबचे सामने थांबतात, खेळाडू देशाकडून खेळायला जातात. मी कामगारांची बाई. माळी, सफाईवाले, गेटवाले यांच्या संघटनेचं काम करते. ऑफसाइड कशाला म्हणतात ते मला आजही कळत नाही, आणि कुणी समजवायला लागलं तर मी उठून जाते. पण राबवून घेणं कशाला म्हणतात ते मला लगेच कळतं. राबणारं माणूस असो नाहीतर गवत.

मामा आणि मामी पूर्वेच्या स्टँडखाली दोन खोल्यांत राहतात. वर प्रेक्षकांच्या पायऱ्या, म्हणून खोलीचं छतही पायऱ्यापायऱ्यांचं. दाराशी उभं राहता येतं, ओट्यापाशी वाकावं लागतं, आणि पलंगाकडे जाताना रांगावं लागतं. मामीने भांडीसुद्धा छताच्या उंचीप्रमाणे लावली आहेत, आधी पिंप, मग पातेली, शेवटी वाट्या. सामन्याच्या दिवशी ती ताटावर ताट झाकते. आपल्या क्लबने गोल केला की वरचे पाच हजार लोक उड्या मारतात आणि छतातून धूळ पडते. पाहुण्यांनी केला तर धूळ पडत नाही. मामीने एकोणीस वर्षांत एकही सामना पाहिलेला नाही, पण निकाल तिला ताटावरून कळतो.

मामाचं वय एकोणसाठ. चालताना नजर कायम खाली. माणसं तो चपलांवरून ओळखतो. मागच्या खिशात भाजी चिरायची जुनी सुरी असते. ती मातीत खुपसून तो गवताचा एक चौकोनी तुकडा उपटतो, मूळ अंगठ्याशी धरून मोजतो आणि तुकडा परत बसवून वर थोपटतो. अंगठाभर मूळ असेल तर ते मैदान. अर्धा अंगठा असेल तर ती नुसती अंथरलेली सतरंजी, पाय सरकणारच.

त्याच्या खोलीत दोन कॅलेंडरं होती. निळं क्लबचं, लाल देशाचा संघ चालवणाऱ्या फेडरेशनचं. खेळाडू माहेरी गेले की क्लबचं मैदान रिकामं होईल आणि गवत जरा श्वास घेईल, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण देशाचे सामनेही याच मैदानावर होतात. निळे गेले की लाल आले, लाल गेले की निळे. खेळाडूला निदान घर बदलल्याचं तरी सुख. गवत तिथंच, दोन्ही घरांचं धुणं-भांडं करणाऱ्या बाईसारखं. "याला माहेरच नाही," असं मामा म्हणायचा आणि पाण्याचा पाइप उचलून निघून जायचा.

चार-पाच वर्षांपूर्वी हे सगळं गळ्याशी आलं. लाल सामन्याच्या आधी फेडरेशनने मैदानाच्या मधोमध, मधल्या गोलात, गाणारणीसाठी लोखंडी स्टेज उभं केलं. ते काढल्यावर खाली गवताऐवजी चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी होतं. पुढच्या आठ दिवसांत क्लबने तिथंच तीन सामने खेळवले. मग पुन्हा देशाचा सामना आला. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, मारणाऱ्याचा टेकवलेला पाय सरकला आणि चेंडू पूर्वेच्या स्टँडच्या वरच्या मजल्यावर गेला. देश हरला. दुसऱ्या दिवशी पेपरात मैदानाला बटाट्याचं शेत म्हटलं होतं. मामाला फार लागलं. तो म्हणाला, बटाट्याच्या शेताला कधीतरी पडीक ठेवतात.

क्लबचे सेक्रेटरी आणि फेडरेशनचे साहेब यांचं आजवर चहात साखर किती यावरही एकमत झालेलं नव्हतं. आता झालं. दोघांच्या सह्यांचं एकच पत्र मामाच्या हातात पडलं. पुढच्या मोठ्या लाल सामन्याआधी तपासणीवाला मैदान बघायला येईल. मैदान अयोग्य ठरलं तर हेडमाळ्याची नोकरी संपली, आणि पंधरा दिवसांत खोल्या खाली करायच्या. मामीने पत्र वाचलं, घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि म्हणाली की कुठल्या घराचं छत सरळ असतं तेच ती विसरून गेली आहे.

मामाची मागणी एवढीच होती, चौदा दिवस. माती भुसभुशीत करायची, वाळू घालायची, बी टाकायचं. सातव्या-आठव्या दिवशी कोंब दिसतो, चौदाव्या दिवशी मूळ धरतं. तेरा दिवसांत होत नाही. गवत कमिटीचं ऐकत नाही.

मी अर्ज लिहिले. सात. माझा हात लिहायला लागला की बरा चालतो, आणि सातही अर्जांना केराची टोपली दाखवली गेली याचा राग मला आजही आहे. शेवटी मी मामाची प्रतिनिधी म्हणून तारखांच्या बैठकीलाच जाऊन बसले.

ही बैठक वर्षातून एकदा भरते. क्लबच्या लांब खोलीत टेबलभर कागदी तक्ता पसरतात. वर्षाचा प्रत्येक दिवस एक चौकोन. सेक्रेटरींच्या हातात निळी पेन्सिल, साहेबांच्या हातात लाल. सेक्रेटरी म्हणाले, आमचे खेळाडू थकलेत, देशाचे सामने कमी करा. साहेब म्हणाले, खेळाडू थकलेत हे खरंच, म्हणून क्लबचे कमी करा. खेळाडूच्या थकव्याची काळजी कुणाला जास्त, यावर दोघे दोन तास भांडले, आणि शेवटी दोघांनीही एकेक जादा सामना पदरात पाडून घेतला. खेळाडूंना कुणी विचारलं नाही. ते त्या वेळी बहुतेक पळत असावेत.

तक्त्यात मोठ्या लाल सामन्याच्या तीन आठवडे आधी चौदा चौकोन रिकामे राहिले होते. मी त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हे गवताला द्या.

सेक्रेटरी चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आमची हरकत नाही, बाई. पण त्या चौकोनात लिहायचं काय?"

मी म्हटलं, काहीच लिहू नका.

"मग ते रिकामं दिसेल. आणि रिकामं दिसलं की द्यावं लागतं."

तसा नियमच होता. रिकामा चौकोन म्हणजे मागेल त्याचा. माझ्यादेखत साहेबांनी तिथं फिक्या लाल रेघेने एक मैत्रीचा सामना टेकवून ठेवला. तक्ता पक्का व्हायला तीन आठवडे होते, तोवर हरकत घ्यायची तर घ्या, म्हणाले. मी दार आपटून बाहेर आले. दार हळू मिटणाऱ्या यंत्राचं होतं, त्यामुळे आपटलंसुद्धा नाही.

मामी भेंड्या चिरत होती. मी माझा सगळा संताप तिच्यापुढे ओतला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जे सांगितलं त्याला मी अजून मानते. ती म्हणाली, "मी दमले असं म्हटलं तर या घरात कुणी हलत नाही. माझ्याकडे कुणीतरी येणार आहे म्हटलं की हे आपणहून बाहेर जातात. मग मी दार लावून झोपते. तुम्ही गवताला विश्रांती मागताच कशाला? त्याच्याकडे कुणीतरी येणार आहे असं लिहा."

मी सरळ जमिनीच्या कागदपत्रांचं ऑफिस गाठलं. तीन दिवस तिथल्या बाकावर बसले. कारकुनाने मला दोनदा जेवायची सुट्टी दाखवली, मी डबा तिथंच उघडला. तिसऱ्या दिवशी मूळ करार सापडला. शहराने ही जागा क्लबला दिली तेव्हाच्या अटी. चौदावं कलम असं होतं की गावातल्या नोंदणीकृत संघांना वर्षातून एक सामना खेळायचा हक्क राहील, त्या सामन्याआधी सात दिवस आणि नंतर सात दिवस मैदान त्यांच्या ताब्यात असेल, आणि हा सामना क्लब आणि देश दोघांच्याही आधी तक्त्यात बसेल. सामना लांबला तर पुढच्या वर्षीच्या तक्त्यात तोच पहिला. हे कलम कुणी रद्द केलेलं नव्हतं. कुणी वाचलेलंच नव्हतं.

आता संघ हवे होते. नोंदवहीत बेचाळीस नावं सापडली. चाळीस संघ रीतसर पत्र देऊन बंद झालेले. दोन नुसतेच मेले होते, पण मेल्याचं कुणी कळवलं नव्हतं. एक ट्राम वर्कशॉपचा संघ, दुसरा गॅसघराचा. ट्राम गेली, गॅसघरही गेलं, पण नोंदणी कायमची होती. कागदोपत्री दोघे धडधाकट. फॉर्मवर दोन्ही कप्तानांच्या सह्या लागणार होत्या. ट्राम वर्कशॉपचा शेवटचा कप्तान कोण ते मी वाचलं आणि मोठ्याने हसले. आमचा गवतमामाच. तरुणपणी तो वर्कशॉपमध्ये होता आणि डाव्या बाजूला बचावाला खेळायचा, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

मामाला बातमी सांगितली तेव्हा तो हसला नाही. गॅसघराचा कप्तान कोण ते त्याला ठाऊक होतं.

"तो सही करणार नाही," मामा म्हणाला. कारण विचारल्यावर म्हणाला की फार जुनी गोष्ट आहे, आणि पाइप घेऊन निघाला. गोष्ट मला मामीने सांगितली. एकतीस वर्षांपूर्वी शहराच्या चषकाचा अंतिम सामना. ट्राम एक-शून्यने पुढे. शेवटच्या मिनिटाला गॅसघराच्या कप्तानाने मारलेला चेंडू गोलरेषेवर आला आणि मामाने तो लाथेने बाहेर काढला. चेंडू रेषेच्या आत जाऊन बाहेर आला की रेषेवरूनच परतला, हे रेफरीला लांबून दिसलं नाही. त्याने मामालाच विचारलं. मामाने सांगितलं, बाहेर होता. ट्राम जिंकली. तेव्हापासून गॅसवाला आणि मामा एकमेकांना बघितलं की रस्ता बदलतात. मामी म्हणाली, "मला विचाराल तर मी काही पाहिलं नाही. पण झोपेत हे अधूनमधून लाथ मारतात."

गॅसवाला तिसऱ्या मजल्यावर राहायचा. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करण्यात उमर गेलेला माणूस, अजून बोलताना बोटांनी हवेत नळ पिळतो. भिंतीवर त्याच्या संघाचा फोटो, अगदी त्याच सामन्याच्या सकाळचा. आम्हाला बसा म्हणाला नाही. मी कलम सांगितलं, गवत सांगितलं, मामाच्या खोल्या सांगितल्या. तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. मामा दारातच उभा, नजर पायपुसण्यावर.

"म्हणजे सामना खेळायचा नाहीच," गॅसवाला म्हणाला. मी म्हटलं, नाही, दोन्ही संघ येणार नाहीत, सामना लांबेल, बस. त्याने विचार केला. मग म्हणाला, ज्याने एकदा झालेली गोष्ट झालीच नाही म्हणून सांगितली, त्याच्याबरोबर मी न होणाऱ्या सामन्यावर सही कशी करू. तरी त्याने पेन घेतलं. मामीच्या छताचं ऐकून असेल, किंवा एकतीस वर्षांनी कुणी कप्तान म्हणून सही मागितली म्हणून असेल. सही झाली. मी फॉर्म उचलला. आम्ही निघालो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण मामा जाता जाता बोलला. इतका वेळ जीभ आवरून उभा होता, ती दारात सुटली.

"नाहीतरी खेळायला सात माणसं कुठं उरलीत तुझ्याकडे, गॅस?"

फुटबॉलला सातपेक्षा कमी माणसं चालत नाहीत. सात नसतील तर सामना सुरूच होत नाही.  गॅसवाल्याने हवेत एक नळ घट्ट पिळला.

फॉर्म खिडकीत दिला. नोंद करणाऱ्या कारकुनाने तो तीनदा वाचला, करार दोनदा, आणि मला विचारलं की ट्राम आणि गॅसघर अजून आहेत का. मी म्हटलं, वहीत बघा. वहीत होते. शिक्का बसला. साहेबांचा मैत्रीचा सामना पुसावा लागला. साहेब भडकले, ते भडकले म्हणून सेक्रेटरी खूश झाले, आणि तक्ता पक्का झाला. सात दिवस आधी, आठव्या दिवशी सामना, सात दिवस नंतर. मामाने हिशेब करून आणखी एका दिवसाचा फायदा झाला असं मला सांगितलं.

ते दिवस आले. त्या आठवड्यात मामा जेवायला घरी येत नव्हता. मामी डबा कडेच्या रेषेपाशी ठेवून यायची. मधला गोल त्याने पूर्ण उकरला, वाळू चाळून घातली, बी टाकलं, पक्ष्यांसाठी चमकत्या पट्ट्या लावल्या, भोवती दोरी बांधली. आत जायचं तर तो अनवाणी फळीवरून जायचा, तेही पालथं पडून. सातव्या संध्याकाळी मला बोलावून म्हणाला, इथं आडवं होऊन बघा. मी माझ्या वयाचा विचार केला आणि झाले आडवी. मातीला लागून बघितलं तर हिरवी सुईसारखी टोकं, हजारो. उभं राहिलं की दिसत नव्हती. मामा म्हणाला की आता सगळ्यात नाजूक दिवस. उद्या बूट पडला तर कोंब मोडतो, मोडला की पुन्हा येत नाही, आणि दुसरं बी टाकायला तपासणीआधी दिवस उरत नाहीत.

उद्या म्हणजे सामन्याचा दिवस.

सकाळी रेफरी आल्या. एका शाळेत कवायत शिकवणाऱ्या बाई, उंच, शिट्टी गळ्यात, हातात फाइल. त्यांनी कोपऱ्यातल्या झेंड्यांची उंची टेपने मोजली. अशी माणसं मला फार आवडतात आणि त्या दिवशी अजिबात आवडली नाहीत. मी त्यांना सांगितलं की संघ येतील असं वाटत नाही. त्या म्हणाल्या, अर्धा तास वाट बघायचा नियम आहे. आणि खिशातून घड्याळ काढून हातावर ठेवलं.

अकराव्या मिनिटाला गेटवाल्याने घंटा वाजवली.

गॅसवाला आला होता. मागे माणसं. एकाच्या हातात काठी, एकाची जुनी जर्सी बेंबीपर्यंतच पोचत होती, एकाला बायको टॅक्सीतून घेऊन आली होती आणि ती गोळी घेतली का म्हणून विचारत मागे मागे येत होती. एक जण श्वास घ्यायला गेटपाशीच थांबला. पण पायात सगळ्यांच्या खिळ्यांचे बूट. मी मोजलं. मामाने मोजलं. रेफरीबाईंनी मोजलं. सात.

रेफरीबाई म्हणाल्या, ट्राम वर्कशॉप हजर नसेल तर गॅसघराला विजय द्यावा लागेल. त्यासाठी संघाने मधल्या गोलात उभं राहून हजेरी द्यायची. गॅसवाल्याबरोबर कॅमेरासुद्धा होता. मी पुढे होऊन म्हटलं, बाई, मधल्या गोलात बी टाकलंय, मैदान खेळण्यालायक नाही असं लिहा आणि सामना पुढे ढकला. त्यांनी लगेच पेन काढलं. रकान्यात 'मैदान' लिहून झालं होतं, पुढचा शब्द 'अयोग्य' असणार, तेवढ्यात मामाने त्यांचं मनगट धरलं. तो शब्द कागदावर आला की त्याच्या नोकरीचा निकाल तिथंच लागत होता. रेफरीबाईंनी मनगटाकडे बघितलं, मामाने हात सोडला, आणि त्या म्हणाल्या की मग दुसरा मार्ग नाही, हजेरी होईल.

मी आयुष्यात पुष्कळ गेट अडवली आहेत, पण सात म्हाताऱ्यांपुढे आडवं कसं व्हायचं ते मला सुचेना. मामा दोरीपाशी गेला. गॅसवाला पलीकडून आला. दोघांच्या मध्ये दोरी.

"सात म्हणाला होतास," गॅसवाला म्हणाला. "मोजून घे."

मामाने त्याला आठवा दिवस म्हणजे काय ते सांगितलं. खाली वाकून बघ म्हणाला. गॅसवाल्याने वाकायला नकार दिला, कंबर धरते म्हणून. मामाने खोल्यांचं काही काढलं नाही, मामीचंही नाही. फक्त गवताचं बोलला. गॅसवाला ऐकत होता आणि बोटांनी हवेतला नळ एकदा उघडत होता, एकदा बंद करत होता.

मग त्याने विचारलं, "आत होता की बाहेर?"

 मामाची नजर सवयीप्रमाणे खाली, गॅसवाल्याच्या बुटांवर. बुटांखालचे खिळे नवे होते. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर ती हिरवी टोकं. मला वाटलं, हा माणूस नोकरी सोडेल, घर सोडेल, पण हे बोलणार नाही. मला त्याचं पटलंही असतं. मीही अशीच आहे.

"आत होता," मामा म्हणाला.

"किती?"

मामाने अंगठा वर केला. "एवढा."

"ऐकू आलं नाही. ह्यांना पण ऐकू येऊ दे."

मामाने मान वर केली. सहा म्हातारे, टॅक्सीवाली बायको, गेटवाला, रेफरीबाई, आणि खोलीच्या दारात उभी असलेली मामी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "चेंडू अंगठाभर आत होता. मी खोटं बोललो."

 काठीवाल्याने डोळे पुसले, पण त्याचे डोळे सकाळपासूनच पाणावत होते असं नंतर कळलं. गॅसवाला वळला, पहिल्या पायरीवर जाऊन बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. "बाई," त्याने रेफरींना हाक मारली, "परत मोजा. आम्ही सहाच आहोत. मी नुसता बघायला आलोय."

रेफरीबाईंनी परत मोजलं. मग फाइल उघडून त्यांनी लिहिलं की दोन्ही संघ अपुरे, सामना लांबणीवर. मैदानाचा रकाना अजून अर्धा होता. त्या फळीवर गुडघे टेकून बसल्या, एका टोकावर बोटाचं पेर अलगद ठेवलं आणि 'मैदान'पुढे 'उत्तम' लिहिलं. फाइल मिटताना मामाला म्हणाल्या, "त्या जुन्या सामन्याबद्दल तक्रारीची मुदत संपलेली आहे." आणि जाता जाता एक झेंडा दोन बोटं सरळ करून गेल्या.

पुढचे सात दिवस कुणी आत पाऊल टाकलं नाही. तपासणीवाला आला, त्याने मधल्या गोलात सळई खुपसली, मामाने शेजारीच सुरीने तुकडा काढून दाखवला. मूळ अंगठ्याच्याही पुढे गेलेलं. मोठा लाल सामना झाला, कुणीच गोल केला नाही, मामीच्या ताटावर धूळ पडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मैदानाबद्दल एक अक्षर नव्हतं. माळ्याला याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसतं. पिठाच्या डब्याखालचं पत्र मामीने काढलं आणि त्यावर तेलाची बरणी ठेवली.

सेक्रेटरी आणि साहेब अजून भांडतात. निळे म्हणतात लाल जास्त झाले, लाल म्हणतात निळे जास्त झाले, खेळाडू दोन्हीकडे पळतात. पण पुढच्या बैठकीत तक्ता पसरला तेव्हा कारकुनाने आधी हिरवी पेन्सिल उचलली. लांबलेला सामना पहिला. मी तिथं मुद्दाम गेले होते. सेक्रेटरी मऊ आवाजात म्हणाले, बाई, हा सामना एकदा होऊन जाऊ दे की. मी म्हटलं, संघ पूर्ण झाले की होईल.

गॅसवाला त्या दिवशी न चुकता येतो. बरोबर पाच माणसं आणतो, स्वतःला धरून सहा. यंदा काठीवाला वारला, तर याने गल्लीतला एक निवृत्त पोस्टमन नव्याने संघात घेतला. मी विचारलं, पाच आले असते तरी चाललं असतं, त्यासाठी नवा माणूस कशाला. तो म्हणाला, सहा म्हणजे संघात फक्त एक कमी पडला, पाच म्हणजे संघच नाही.

हजेरी झाली की सगळे पहिल्या पायरीवर बसतात. मामी डबा आणते. मग मामा आणि गॅसवाला सुरू होतात. चेंडू आत होता यावर आता वाद नाही. मामा अंगठा दाखवतो, गॅसवाला वीत दाखवतो. आवाज चढतात, टॅक्सीवाली बायको गोळ्यांची वेळ सांगते, रेफरीबाई घड्याळ बघतात. दोरीच्या पलीकडे तो आठवा दिवस असतो. तिकडे कुणी जात नाही.